तिसऱ्या मजल्याचे ठोके

लोहाराकडून घण मागून आणला, त्या सकाळपासून सांगतो. स्वतःचं घर पाडायला माणूस दुसऱ्याचा घण मागून आणतो, याचं तेव्हा आमच्या रिबेरा वस्तीत कुणाला नवल वाटत नव्हतं. एका गादीवर दोघांनी हक्क सांगितला, आमच्या बार्सेलोनानं हरणाऱ्याची बाजू धरली, वर्षभर वेढा सोसला आणि शेवटी शहर पडलं. जिंकलेल्या राजाला शहरावर तोफा रोखणारा किल्ला हवा होता. त्यासाठी आमची वस्ती जायची होती, आणि हुकूम असा की ज्यानं त्यानं आपलं घर आपल्या हातानं पाडायचं.

आमच्याकडे रस्त्यावर दार एकच, वर बिऱ्हाडं वेगवेगळी. येणारा दाराची लोखंडी कडी मजल्याच्या हिशेबानं ठोकतो. पहिल्याला एक ठोका, दुसऱ्याला दोन. आम्ही तिसऱ्यावर राहायचो: मी, बायको तेक्ला आणि धाकटा भाऊ जेरोनी. तीन पडले की आमच्यापैकी कुणीतरी खाली धावायचं. बाकीची बिऱ्हाडं कानही देत नसत.

वेढ्याच्या शेवटच्या महिन्यात तोफगोळ्यानं आमचं छप्पर नेलं. पहिल्या मजल्यावरचे लोक पळून गेले होते, तिथे आम्ही उतरलो. जेरोनी तटावर लढत होता. त्याला निरोप धाडू, धाडू म्हणत मी धाडलाच नाही.

शेवटच्या हल्ल्याच्या दिवशी, दुपारी, तीन ठोके पडले.

"अहो, भावोजी आलेत..." तेक्ला कुजबुजली.

"गप. आता आपला ठोका एक. शत्रूचा शिपाई असेल."

"शिपायाला काय ठाऊक आपले तीन?"

मी उठलो नाही. खरं सांगू? माझी पाचावर धारण बसली होती. पुन्हा तीन पडले. मग बऱ्याच वेळानं पुन्हा तीन, अगदी हळू. संध्याकाळी दार उघडलं, तेव्हा जेरोनी उंबऱ्यावर चौकटीला टेकून बसलेला होता. एक हात पोटातल्या जखमेवर, दुसऱ्या हाताची बोटं सोललेली. प्राण गेलेला.

तेक्लानं मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

तर घर पाडायला घेतलं. तिसरा मजला गेला, मग दुसरा, मग पहिला आणि जिना. दगड गाड्यांतून किल्ल्याकडे गेले. शेवटी एका दुपारी नुसती दाराची चौकट उरली, तिच्यात बंद दार, आणि दोन्ही बाजूंना लख्ख ऊन. मी घण उचलला... आणि तीन ठोके पडले.

चौकटीला वळसा घालून मी पाहिलं. कुणी नव्हतं. बंदुकीच्या दारूचा वास तेवढा येत होता.

"पाहुणे आले वाटतं, म्हाताऱ्या!" देखरेखीवरचा शिपाई हसला. "घे की आत, पाणी विचार!"

तेक्ला माझ्याकडे बघत होती. "आता तरी उघडा..."

मी अडसर काढला. दोन वर्षं उशिरा.

कुणीतरी माझ्या खांद्याला घासून आत आलं. पावलं वाजू लागली. जड, थकलेली, एक पाय ओढणारी. जिना होता तिथून ती रिकाम्या हवेत वर चढायला लागली. शिपायाचं हसू थांबलं.

"जेरोनी, थांब! आम्ही खाली आहोत रे..."

पावलं थांबली नाहीत. आमच्या डोक्यावरून पहिला मजला गेला, दुसरा गेला. तिसऱ्यावर ती थबकली, आणि निळ्या आभाळातून कुणीतरी हळूच विचारलं, "दादा... आहेस ना आत?"

आज तिथे किल्ल्यापुढचं उघडं मैदान आहे. आम्ही दोघं रोज दुपारी त्या जागी जाऊन बसतो. मी वर बघून सांगतो, आम्ही खाली आहोत, ये. लोक वेडा म्हणतात, म्हणोत. ती पावलं उतरताना मी अजून ऐकलेली नाहीत.

कधीकधी, आभाळात ढगही नसताना, माझ्या कपाळावर वरून एक थेंब पडतो. कोमट असतो. तेक्ला तो पुसते, आणि रुमाल मला दाखवत नाही.