तानुबाईंचा हंडा

"टेम्पो आला, उचला भराभर!" संडे स्कूलचे विश्वजितकाका ओरडले आणि चर्चच्या आवारात एकच धांदल उडाली.

दिवाळीच्या सुट्टीत संडे स्कूलच्या मुलांनी विश्रामबागेतलं घरन्घर पिंजून काढलं होतं. जिथं साफसफाई चालली होती, तिथून मोडके नळ, चेपलेली पातेली, जुने पितळी स्टो मागून आणले होते. ती भंगाराची मोड विकून साताऱ्याच्या एका वसतिगृहातल्या मुलींना चाकाच्या खुर्च्या घ्यायच्या होत्या. साताऱ्याच्या चर्चमधली मुलंही मोड जमवत होती. त्यांचा ढीग मोठा आहे असं कळल्यापासून बारा वर्षांच्या सलोमीला चैन नव्हतं.

म्हणूनच ती गप्प बसली. चर्चची झाडलोट करणाऱ्या तानुबाईंनी आपला पितळी हंडा घासून ढिगाशेजारीच उन्हात पालथा घातला होता. काकांनी न बघता तोही टेम्पोत चढवला. सलोमीनं ते पाहिलं. 'थांबा' हा शब्द तिच्या ओठांवर आला आणि तिनं तो गिळला. काकांच्या लक्षात येईलच, असं तिनं मनाला समजावलं.

संध्याकाळी तानुबाई हंडा शोधत आवारभर फिरल्या. त्यांच्या आईची तेवढीच एक वस्तू त्यांच्याजवळ होती. काकांनी मागचापुढचा विचार न करता मोड पोचवून परत आलेल्या टेम्पोवाल्या भाऊसोंवर आळ घेतला. चार माणसांत त्यांना चोर म्हटलं, चर्चचं काम त्यांना द्यायचं बंद केलं. भाऊसोंनी टेम्पो वळवला आणि ते निघून गेले. रात्री सलोमी भरल्या ताटावरून तशीच उठली.

दुसऱ्या दिवशी सलोमीचा मित्र योएल आणि शेजारची भार्गवी तपासाला लागले. भाऊसो चोर असते तर मोड पोचवून परत चर्चमध्ये आले कशाला, असं योएलचं म्हणणं. हंडा चुकून मोडीतच गेला असणार, असा भार्गवीचा अंदाज. सलोमीला काय वाटतं, असं दोघांनी विचारलं.

"आत्ताच्या आत्ता कुपवाडला चला," सलोमी म्हणाली. "मोड तिथल्या कारखान्यात गेलीय. हंडा भट्टीत गेला तर संपलं."

तिघांनी सायकली पिटाळल्या. कुपवाडच्या त्या कारखान्यात भट्टी धगधगत होती. मॅनेजर मोबाइलमध्ये गुंग होते. त्यांनी मानही वर केली नाही. हंडाबिंडा काही आलेला नाही, नुसते नळ आणि पाइप आहेत, असं त्यांनी सांगून टाकलं.

"मग आम्हाला सापडला तर न्यायचा ना, काका?" भार्गवीनं साळसूदपणे विचारलं.

"हो, हो, न्या. जा आता."

"ऐकलंत ना, मामा?" योएलनं भट्टीवरच्या कामगारांना मोठ्यानं विचारलं. ते हसले.

सलोमी ढिगावर तुटून पडली. हात खरचटले तरी थांबली नाही. भट्टीकडे निघालेल्या ढकलगाडीत, नळांच्या खाली, हंड्याचा काठ चमकला. मॅनेजर धावत आले, पण त्यांचं 'न्या' ऐकलेले सगळे कामगार त्यांच्याकडेच बघत होते. त्यांचा नाइलाज झाला.

रविवारी पाळकसाहेबांनी तिघांना पुढं बोलावून तोंडभरून कौतुक केलं. टाळ्या वाजल्या. तानुबाईंनी सलोमीच्या गालावरून हात फिरवला, आणि मग मात्र तिला राहवलं नाही.

"हंडा जाताना मी बघितला होता," ती म्हणाली. "आपला ढीग मोठा दिसावा म्हणून बोलले नाही. भाऊसोंवर आळ आला, तरी बोलले नाही."

तानुबाईंचा हात खाली आला. मग विश्वजितकाका उठले. डोळे मिटून टेम्पो आपणच भरला आणि डोळे मिटूनच आळ घेतला, असं त्यांनी सांगितलं. पाळकसाहेब म्हणाले, हंड्याचं कौतुक तिघांचं, पण आज खरं बोलल्याचं कौतुक एकट्या सलोमीचं. मात्र ते भाऊसोंच्या घरी जाऊन आल्यावर.

घरी आलेल्या काकांचं आणि सलोमीचं भाऊसोंनी सगळं ऐकून घेतलं.

"हंडा घावला, बरं झालं. पर पोरी, मला चोर म्हनल्यालं माज्या पोरानं ऐकलं. तवाच बोलली असतीस तर?"

सलोमीचे डोळे भरून आले. काकांनी भाऊसोंच्या मुलाला बाहेर बोलावलं आणि भर गल्लीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशी माफी मागितली. सलोमीनंही मागितली.

मग भाऊसोंनी खुर्च्या साताऱ्याला कोण नेणार, असं विचारलं. अजून कुणी ठरलं नव्हतं.

"मग म्या न्हेतो. पर भरताना तू हुबी ऱ्हा. काय चुकून चढलं, तर वरडायचं."

त्या दिवशी पहिल्यांदाच सलोमीनं त्यांच्या डोळ्यांत पाहिलं.

"ओरडेन," ती म्हणाली.