गेटपाशी जाऊन उभे राहा

सेलूच्या जिनिंग मिलमध्ये ईश्वरी शिरली ती पाय आपटतच. परभणीहून ही तिसरी खेप! कापसाच्या गंजीत पुरलेला एवढासा सेन्सर... गंजी आतून तापायला लागली तर आग लागायच्या आधी कळावं, एवढंच त्याचं काम. ब्लूटूथवरून शेडमधल्या छोट्या लिनक्स संगणकाला त्यानं तापमानाचा आकडा सांगायचा. पण तो तोंड उघडेल तर शपथ!

त्यात गेटवरच वॉचमनच्या बायकोनं, कुसुमबाईनं, न विचारता बातमी दिली होती. "रविवारी आमचे वरदभाऊ पूर्णेला पोरगी बघायला जायलेत, ताई."

जाईनात का! आपल्याला काय करायचंय? असं म्हणत तिनं लॅपटॉपच्या बॅगेची चेन इतक्या जोरात ओढली की ती निसटून हातातच आली.

वरद म्हणजे जिनिंगचे मालक माणिकरावअण्णा यांचा मुलगा. पहिल्या खेपेला सेलू स्टेशनावर तिची पिशवी फाटली आणि वायरी फलाटभर सांडल्या, तेव्हा ओळख ना पाळख, गुडघे टेकून त्यानं एकेक वायर गोळा करून दिली होती. केसांत कापसाचे तंतू, आणि वर बघून हसला तो... असो. आज काम झालं तर इथं यायचं कारण संपणार होतं. नाही झालं तर माणिकराव सगळं काढून फेकणार होते. काहीही झालं तरी आजचा दिवस शेवटचा. मग राग येणार नाही तर काय!

"चहा, मॅडम." वरद कप घेऊन समोर उभा.

"नको."

"लय चिडलात?"

"यंत्रावर चिडलेय. तुमच्यावर कशाला चिडू? तुमी कोण माझे?"

त्यानं गुपचूप कप टेबलावर ठेवला. तिनं पडद्यावर परत सेन्सर शोधायला घेतला. यादीत कुणाचं घड्याळ आलं, कुणाचे इअरफोन आले, सेन्सर नाही. ब्लूटूथ बंद करून चालू केलं, सेन्सरचा सेल बदलला. नाही म्हणजे नाही.

"बिस्किटं आणू का?"

"आणा! पार बाजारातून आणा!"

तो गेला... आणि पडद्यावर सेन्सरचं नाव उमटलं. मागोमाग आकडा, एकतीस! दोन-चार आकडे नीट आले. एवढ्यात वरद पुडा घेऊन हजर झाला आणि पुढचा आकडा येईना. ईश्वरी त्याच्याकडे बघतच राहिली.

"गेटपाशी जाऊन उभे राहा."

"मी?"

"जा म्हणतेय ना!"

तो गेला. थोड्या वेळानं आकडा आला. तिनं हाक मारली, तो आला. आकडा गायब.

"खिशात काय आहे तुमच्या?"

"फोन..."

फोनमध्ये त्याच सेन्सरचं ॲप होतं.

"तुमाला उगा हेलपाटा नको म्हणून घेतलं," तो चाचरत म्हणाला. "चालू हाय का न्हाई, तेवढं बघत व्हतो."

"हेलपाटा नको म्हणून? अहो, तुमच्या या ॲपमुळंच मला दोन हेलपाटे पडले! हा सेन्सर एका वेळी एकाशीच जोडला जातो. माझा संगणक आकडा घेऊन त्याला सोडतो, की तुमचा फोन झडप घालतो. मग तो दुसऱ्या कुणाला दिसतसुद्धा नाही! एकदा विचारायचं तरी. तोंड नव्हतं का तुमाला?"

त्यानं मुकाट्यानं ॲप काढून टाकलं. आकडे येऊ लागले, एकापाठोपाठ एक. आणि ईश्वरीचे डोळे रागानं भरून आले.

"झालं काम. सुटले मी. तुमी जा पूर्णेला, पोहे खा!"

"कुसुमबाई!" वरदनं कपाळावर हात मारला, मग तोही भडकला. "मला कुणी इचारलं व्हतं का त्यात? आन् तुमी तरी कवा इचारलं?"

"मी का विचारू?"

दोघांनीही फुरंगटून तोंडं फिरवली. मग वरदच हळूच बोलला, "एकाशी जोडलं की दुसऱ्याला दिसत न्हाई म्हणलात ना... मग मी पूर्णेला जाऊन काय करू? माझं तर स्टेशनावरच जोडलं गेलंय."

तिनं निसटलेली चेन उगाच बॅगेला लावून पाहिली. तरी आवाज चढाच. "हे मला काय सांगायलात? अण्णांना सांगा!"

तो तडक ऑफिसात गेला. बंद दारातूनही माणिकरावांचा आवाज शेडपर्यंत आला, "मग आधी सांगायला तोंड नव्हतं का तुला?"

बऱ्याच वेळानं वरद बाहेर आला. कान लालबुंद. लांबच थांबला.

"लय बोलले. पण पूर्णेवाल्यांना फोन करून नको म्हणतो म्हणाले... येऊ का तिकडं? का गेटपाशीच उभा राहू?"

"या की इकडं!" ईश्वरी खेकसली. "चहा पार गार झालाय माझा."

तो येऊन उभा राहिला, खांद्याला खांदा लागेल इतका जवळ. दोघंही पडद्याकडे बघत होते... आणि आकडा आला.