कुरळ्या फिती

"आता बास झालं! एक तर ती लांडग्यांची जोडी राहील, नाहीतर माझी मेंढरं!" असं म्हणून काकांनी बादली अशी आपटली की अंगणातल्या कोंबड्या सैरावैरा पळाल्या.

भिंगरी एका पायात बूट घालून उंबऱ्यावर उभी होती. दुसरा बूट शोधायचं ती केव्हाच विसरली होती. या बारा वर्षांच्या मुलीला एका जागी बसवणं आजवर कुणालाच साधलं नव्हतं. शाळेत बाई थकल्या, घरी आई थकली आणि सुट्टी लागताच आईने तिला मावशी-काकांकडे धाडून सुटकेचा नि:श्वास टाकला. सोबत धाकटा भाऊ होता. कुणीही काहीही बोललं की आपलं एक वाक्य जोडल्याशिवाय त्याला चैन पडत नसे, म्हणून सगळे त्याला पुरवणी म्हणत. मावशीचा मुलगा भिंगरीहून वर्षाने मोठा. तो पाठीमागे हात बांधून चालायचा, त्यामुळे त्याचं नाव साहेब पडलं होतं.

रात्री आणखी एक कोकरू गेलं होतं. कुंपणाच्या खालच्या कोपऱ्यात पंजे उमटले होते. मावशीने ओणवं होऊन ते पाहिले आणि लांडगाच आहे, असं सरळ सांगितलं. मावशी वनरक्षक होती. डोंगरावर हरणं इतकी वाढली होती की एकही रोप गुडघ्याएवढं होईना आणि उघडी पडलेली माती ओढ्यात वाहून जाई. म्हणून दोन वर्षांपूर्वी लांडग्यांची जोडी रानात सोडली, तेव्हा पिंजऱ्याचं दार मावशीनेच उघडलं होतं. तिच्याच सांगण्यावरून काकांनी तारेच्या कुंपणाभोवती लाल फितींची दोरी बांधली होती. लांडगा तारेखालून सहज घुसतो, पण वाऱ्यावर फडफडणाऱ्या फितींना तो बिचकतो. इतके दिवस तो बिचकलाही होता. मग गेल्या काही आठवड्यांत त्याला एवढा धीर कुठून आला?

याचा विचार करायला मोठ्यांना सवड नव्हती. उद्या सकाळी शाळेच्या हॉलमध्ये सभा होती. मोठे अधिकारी यायचे होते आणि ती जोडी पकडून जन्मभरासाठी पिंजऱ्यात टाकायची, हे जवळजवळ ठरल्यातच जमा होतं. मावशीचा चेहरा एवढासा झाला होता. तिचा आणि काकांचा अबोला चालू होता आणि निरोप पोचवायचं काम पुरवणीकडे आलं होतं. ते तो मनापासून करायचा. काकांनी किल्ली कुठे आहे एवढंच विचारलं, तर हा मावशीला जाऊन सांगायचा, "काका किल्ली विचारतायत, आणि त्यांना वाईटही वाटतंय." त्यामुळे दोघंही त्याच्यावरच डाफरायची.

भिंगरीला घरात बसवेना. तिने दोघांना ओढत नेऊन अख्ख्या कुंपणाला फेरी मारली. दोरी कुठेच तुटलेली नव्हती. साहेब म्हणाला, "बाबांनी कालच तपासलंय सगळं. उगाच तंगडतोड." पण खालच्या कोपऱ्याशी भिंगरी थबकली. बाकी सगळीकडे फिती सरळ लोंबत होत्या. इथल्या मात्र कुरळ्या झाल्या होत्या, केस पेन्सिलीला गुंडाळून सोडावेत तशा.

"या कुणीतरी दोरीभोवती गुंडाळून ठेवल्या होत्या. रोज गुंडाळतं कुणीतरी, आणि सकाळी सोडतं," ती हळूच म्हणाली.

"आणि मधल्या वेळात लांडगा आत येतो," पुरवणीने जोडलं. या वेळी त्याला कुणी गप्प केलं नाही.

हे कुणाचं काम असेल? साहेबाचा संशय पलीकडच्या मेंढपाळावर होता. लांडग्यांना घालवा म्हणून सगळ्यात जास्त आरडाओरडा तोच करत होता. पण नुसत्या संशयावर सभेत कुणी ऐकून घेतलं नसतं. मग भिंगरीला मेंढरांच्या पाठीवर खूण करायचा निळा रंग आठवला. तो एकदा लागला की आठवडाभर निघत नाही. मोठी माणसं सभेच्या चर्चेत गुंतली असताना तिघांनी त्या कोपऱ्यातल्या फितींच्या मागच्या बाजूने रंगाचे बोळे फिरवले. त्या दिवशी काकांनी मेंढरं दिवस मावळायच्या आतच कोठारात कोंडली, त्यामुळे कोकरांची काळजी नव्हती.

सकाळी साहेब मेंढपाळाकडे दूध मागायच्या निमित्ताने धावत जाऊन आला. मेंढपाळाचे हात स्वच्छ होते.

मुलं खट्टू होऊन न्याहारीला बसली. समोर आजोबा, म्हणजे काकांचे वडील, चहा पीत होते. आणि त्यांनी हातमोजे घातले होते.

पुरवणीने तोंड उघडलं तेवढ्यात भिंगरीने टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. आजोबा तिचे लाडके होते. दिवसभर खिडकीशी बसून असायचे आणि ती दिसली की म्हणायचे, "पोरी, जरा एका जागी बस, म्हणजे काहीतरी दिसेल." ते उठून खोलीत गेले, तशी तीही मागोमाग गेली. खिडकीतून कुंपणाचा तोच कोपरा दिसत होता. तिथे तारेला लागूनच मेंढरांना चाटायला मिठाचा दगड ठेवलेला होता.

"आजोबा, हरणं मिठासाठी यायची ना हो इथे?"

आजोबांनी हातमोजे काढले. बोटं निळीशार होती.

"रोज तिन्हीसांजेला यायची. तुझी आजी असताना आम्ही दोघं बघत बसायचो," ते म्हणाले. "त्या फिती आल्या आणि एक हरीण फिरकेना. म्हणून मी तेवढ्या गुंडाळायला लागलो. झोपण्याआधी सोडायचो. पण म्हातारपण गं, हल्ली कधी कधी खुर्चीतच डोळा लागायचा. मग पहाटे उठून सोडायचो."

"आणि हरणांच्या मागे लांडगा आला."

"मनात पाल चुकचुकत होती. पण तोंड उघडलं नाही." त्यांनी बोटं एकमेकांवर चोळून पाहिली. "तू सांगणार सभेत?"

भिंगरीला रडू आवरेना. "मला नाही सांगायचं. पण नाही सांगितलं तर मावशीचे लांडगे पिंजऱ्यात जातील. त्यांना एका जागी कसं राहवेल, आजोबा?"

सभेला निघताना आजोबांनी हातमोजे टेबलावरच राहू दिले.

सभा गच्च भरली होती. अधिकारी कागद उचलणार एवढ्यात मागून आजोबा उठले आणि त्यांनी दोन्ही हात वर केले. निळे पंजे बघून आधी हशा पिकला.

"कोकरं लांडग्याने नेली, खरं आहे. पण त्याला वाट मी करून दिली," ते म्हणाले.

मग त्यांनी मिठाच्या दगडापासून मुलांनी लावलेल्या निळ्या रंगापर्यंत सगळं सांगितलं. काका मान खाली घालून बसले होते. अधिकाऱ्यांनी हातातला कागद घडी करून खिशात घातला. जोडी रानातच राहील, मिठाचा दगड तारेपासून दूर, कुंपणाच्या आत मधोमध हलवायचा आणि फिती रोज संध्याकाळी तपासायच्या, असं त्यांनी जाहीर केलं. आम्ही मोठ्यांनी नुसते पंजे पाहिले, या मुलांनी फिती पाहिल्या, असंही ते म्हणाले. साहेबाने ते पाठीमागचे हात सोडून टाळ्या वाजवत ऐकलं.

घरी आल्यावर काका थेट मावशीपाशी गेले. "चुकलं माझं. चहा टाकू?" त्यांनी विचारलं. पुरवणीला जोडायला काहीच उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी मावशी सगळ्यांना डोंगरावर घेऊन गेली. आजोबा काठी टेकत, दम घेत, पण आले. उतारावर रोपं थेट भिंगरीच्या कमरेला लागत होती. मावशीने सांगितलं की हरणं आता चार घास खातात, मान वर करतात आणि पुढे सरकतात. कुठेच ठिय्या देत नाहीत, म्हणून ही रोपं वाचली. बोलता बोलता तिने हात वर केला. समोरच्या कड्यावरून हरणांचा कळप झरझर चालला होता.

आजोबा डोळे भरून बघत राहिले. कळप दिसेनासा झाला तेव्हा त्यांनी शेजारी पाहिलं. भिंगरी या पायावरून त्या पायावर होत होती.

"तुला मी सारखं बस म्हणायचो ना?" ते म्हणाले. "आता नाही म्हणणार. चल, ती कुठे गेली ते बघू."