एका बिघाडाला एकच कारण

सतरा सप्टेंबर एकोणीसशे चौऱ्याहत्तर, मंगळवार. दिवस पक्का सांगतो, कारण त्या दिवशी विश्वकर्मा पूजा होती. आमच्या वर्कशॉपमध्ये काम बंद होतं, पक्कड-पेचकसांना फुलं वाहिली होती आणि बाहेर सगळं आभाळ पतंगांनी भरलं होतं. दुपारी चारुदत्त रिसबूड पूजेचा प्रसाद खिशात घालून हावड्याला गेला. काम साधंच होतं. दुसऱ्या दिवशीच्या मुंबई मेलचं नागपूरचं एक तिकीट काढायचं. एकच. बायकोचं.

ते तिकीट लीनानं मागितलेलं नव्हतं, पोरांनो. एवढं आधीच सांगून ठेवतो.

रिसबूड माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. टेलिफोनच्या लाइनींमधले बिघाड शोधणं हे आमचं काम, आणि त्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. लाइन बंद पडली की आम्ही नकाशे उघडून बसायचो, खोदायला माणसं बोलवायचो. हा शांतपणे विचारायचा, "रिसीव्हर नीट ठेवलाय का, ते बघितलंत?" आणि बहुतेक वेळा रिसीव्हर तिरकाच ठेवलेला असायचा. "एका बिघाडाला एकच कारण," तो म्हणायचा, "आणि तेही सगळ्यांत साधं. दोन कारणं सांगायला लागलात की समजा, वाट चुकली." हुशार माणूस. थोडा चढेल. बायकोवर त्याचा जीव होता, पण तिचं बोलणं संपायच्या आधीच त्याचं उत्तर तयार असायचं.

बागबाजारात दुसऱ्या मजल्यावर त्यांचं घर. मध्ये हॉल, एका बाजूला स्वयंपाकघर, दुसऱ्या बाजूला झोपायची खोली. घर मराठी माणसाकडून मराठी माणसाकडे आलेलं. बदली झाली की पलंग, पाट, तांब्या-भांड्यांसकट घर आपल्यातल्याच कुणाच्या तरी हवाली करायचं, ही इथल्या बदलीवाल्यांची रीत. या वेळी मात्र हवाली करायला कोणी उरलं नव्हतं. आधीचे भाडेकरू भालचंद्र खांबेटे एकटे राहायचे आणि त्या घरातच वारले होते.

जुलै संपता संपता रिसबूड मंडळी तिथं राहायला आली. आठ दिवसांत लीनाला ते दिसलं. दिवेलागणीला ती स्वयंपाकघरात गेली, तर फरशीवर पाण्याचं गोल कडं. जेवायला बसताना ताटाभोवती फिरवतात तसं. कड्याच्या उजव्या बाजूला भाताच्या पाच चित्राहुती, एका ओळीत घातलेल्या. मध्ये ताट नाही आणि समोर पाट नाही. नुसती फरशी.

आता, त्या घरात चित्राहुती घालणारं कोण होतं? रिसबूड टेबलावर जेवायचा. मुंजीत शिकवलेलं सगळं त्यानं मुंजीच्या मांडवातच सोडून दिलं होतं.

"उंदरानं भात सांडला असेल," तो म्हणाला. चार दिवसांनी पुन्हा दिसलं, तेव्हा म्हणाला, "खिडकीतून चिमण्या येतात." तिसऱ्यांदा म्हणाला, "नळ गळतो, पाणी त्याचं."

"तीन कारणं झाली," लीना म्हणाली.

हे त्याला लागलं. त्याचंच माप त्याला लावलं होतं ना! तेव्हापासून तो एका कारणाच्या शोधात होता, आणि ते त्याला घरमालकिणीनं आणून दिलं. सुचित्रादी खालीच राहायच्या. त्यांनी लीनाला सांगितलं, खांबेटेबाबू गेले ते जेवायला बसल्या बसल्या. ताटाभोवती पाणी फिरवलेलं होतं, बाजूला भाताचे पाच घास काढून ठेवलेले होते, आणि ताटातल्या अन्नाला हात लागलेला नव्हता.

लीनानं भरल्या डोळ्यांनी हे नवऱ्याला सांगितलं. त्यानं चुटकी वाजवली.

"झालं तर मग! तुझे वडील चित्राहुती घालायचे. दिवसभर घरात तू एकटी. हे खांबेट्यांचं तू ऐकलंस आणि तुझ्या मनानं घेतलं. तूच घालतेस, लीना."

"अहो, सुचित्रादींनी मला काल सांगितलं. हे महिनाभर चाललंय."

"आधीही काहीतरी कानावर आलं असेल. तुला आठवत नसेल."

रागावून बोलला असता तर बरं झालं असतं. तो मायेनं बोलला. डॉक्टर झाले, टॉनिक झालं, आणि शेवटी नागपूरला मेहुण्याला, जयप्रकाशला, पत्र गेलं, की लीनाच्या मनावर परिणाम झाला आहे, काही महिने तिकडे ठेवून घ्या. असा शिक्का घेऊन माहेरी गेलेल्या बाईला पुन्हा कोणी सरळ नजरेनं बघत नाही. लीनाला ते कळत होतं. तिनं फक्त एवढंच मागितलं, की जायच्या आधी एकदा तुम्ही स्वतः बघा.

"बघू की," रिसबूड म्हणाला. तिकीट घेऊन तो सहाला घरी आला आणि त्यानं परीक्षेची तयारी केली. ऑफिसात करायचा तशीच. लाइनीचा एक एक तुकडा बाजूला काढायचा आणि बिघाड कुठे उरतो ते बघायचं. त्या दिवशी घरात भात शिजलाच नव्हता. तांदळाचा डबा त्यानं सुचित्रादींकडे नेऊन ठेवला. स्वयंपाकघराची खिडकी लावली. गळक्या नळाच्या तोंडाला चिंधी आवळून बांधली. पिंपातून पाणी काढून सगळी फरशी पुसून कोरडी केली आणि दारापासून ओट्यापर्यंत चाळणीनं कणीक भुरभुरवली. पाऊल पडलं तर उमटणारच.

मग त्यानं कपाटातून एक कुलूप काढलं.

"तू झोपायच्या खोलीत बस. मी बाहेरून लावून घेतो. दहाला उघडतो."

"कुलूप?"

"त्याशिवाय सिद्ध कसं होणार?"

"आणि मी आत असताना झालं तर?"

"होणार नाही."

लीना अगदी हळू म्हणाली, "अहो, मला कोंडू नका."

त्यानं कोंडलं. किल्ली शर्टाच्या खिशात टाकली आणि हॉलमध्ये, दोन्ही दारं दिसतील अशी खुर्ची ठेवून बसला. हे सगळं त्यानं मला पुढे एकदाच सांगितलं.

सव्वासातला दिवे गेले. लोडशेडिंगच ते, रोजचं. आदल्या दिवशी अमावास्या होऊन गेलेली, त्यामुळे खिडकीतूनही उजेड नाही. खालच्या गल्लीत कोणीतरी कंदील लावला, कोणाचं तरी मूल रडलं आणि थांबलं. रिसबुडानं टॉर्च मांडीवर घेतली. पेटवली नाही. सेल कशाला संपवा?

साडेसात झाले असतील.

स्वयंपाकघरात भांडं वाजलं.

तांब्या फरशीवर टेकवल्यासारखं.

मांजर... त्याच्या मनात आलं. पण खिडकी बंद होती.

मग पाणी. ओंजळभर पाणी कोणी सावकाश गोल फिरवावं, तसा आवाज. एकदा... थांबून, पुन्हा.

तो उठला नाही. उठता आलं नाही. मग वास आला. भाताचा. नुकत्या उतरवलेल्या, वाफाळत्या भाताचा. आंबेमोहोर, असं तो मला म्हणाला. त्या बंगाली गल्लीत... आंबेमोहोर!

त्यानं टॉर्च पेटवली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. कणीक जशीच्या तशी. एक पाऊल नाही. एक ओरखडा नाही. मधोमध पाण्याचं कडं, अजून ओलं. उजवीकडे पाच चित्राहुती.

त्यांच्यातून वाफ निघत होती.

उंदीर? नाही. नळ? नाही. लीना? ती कुलुपात. मग हिशेबानं उरलं कोण? घरात दुसरं माणूस एकच... त्यानं स्वतःची बोटं टॉर्चखाली धरली. कोरडी होती.

एकही कारण उरलं नाही. त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा.

"लीना!"

तो धावला. कुलूप निघालं, कडी निघाली. त्यानं दार ढकललं.

दार उघडेना.

त्यानं खांदा लावला. दार हललं नाही. आतून लावलेलं.

"लीना! कडी काढ! लीना!"

मग लीनाचा आवाज आला. त्याच्याशी नाही. कोणाशी तरी... हलक्या आवाजात. वडीलधाऱ्या माणसाशी बोलतात तसा.

"हो... हो... बरं."

"कोण आहे आत?"

आणि मग दाराच्या अगदी जवळून:

"मी लावलेलं नाही, अहो."

"मग उघड!"

"ते म्हणतायत... दिवे आल्यावर."

रिसबूड दाराशी खाली बसला. माझी चूक झाली, असं तो त्या दाराला म्हणाला. किती वेळा म्हणाला, ते त्यालाही माहीत नाही.

नऊ चाळीसला दिवे आले. दार आपोआप बोटभर सरकलं. आत लीना पलंगावर बसली होती. एकटी. चेहरा शांत, केस नीट बांधलेले. तिनं नवऱ्याला पाणी दिलं, आणि कणीक भरायला केरसुणी घेतली. स्वयंपाकघरात फरशी कोरडी होती. कडं नाही, भात नाही.

त्या रात्री रिसबुडानं तिकीट फाडायला घेतलं. लीनानं ते त्याच्या हातातून काढून घेतलं. दुसऱ्या दिवशी तिनं घर झाडलं, फरशी पुसली, देवापाशी दिवा लावला आणि संध्याकाळी त्याच्याबरोबर हावड्याला गेली. जयप्रकाशला ट्रंक कॉल करून रिसबुडानं सांगितलं होतं, लीनाला काही झालेलं नाही, पत्र विसरून जा. फलाटावर त्यानं तिला पुन्हा विनवलं. आता तुझ्यावर विश्वास बसला, आता कशाला जातेस?

"दीड महिना मी त्यांना भीत होते," लीना खिडकीतून म्हणाली. "काल पहिल्यांदा तुम्हाला भ्याले."

गाडी सुटली.

गुरुवारी सकाळी उजाडल्यावर रिसबूड पेचकस आणि रंधा घेऊन त्या खोलीच्या दाराशी गेला. जित्याची खोड हो! रात्रभर विचार करून त्यानं कारण शोधलं होतं. एकच, आणि साधं. भाद्रपदातली दमट हवा, जुनं लाकूड, दार फुगून चौकटीत अडकलं होतं. त्यानं दार पुढे-मागे केलं. ते कुठेही घासत नव्हतं. करंगळीनं लोटलं तरी फिरत होतं.

म्हणून तो आत गेला. दार लोटून घेतलं, आणि कडी सरकवायला हात वर केला.

आतून कडी नव्हतीच. कधीकाळी असावी. तिच्या जागी स्क्रूंची चार भोकं होती, वर्षानुवर्षांच्या रंगाखाली बुजलेली. चारही भोकांवरचा रंग फुटला होता, आणि आदल्या दिवशी लीनानं पुसून ठेवलेल्या फरशीवर, बरोबर त्यांच्या खाली, लाकडाचा ताजा भुसा पडला होता, ती गेल्यानंतरचा.