एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी

बाबांचा जुना कॉम्प्युटर छातीशी धरून, भिजत मी बुधवार पेठेतल्या त्या दुकानात शिरले. काउंटरमागच्या तरुणाने, अभयने, माझ्याकडे एकदा पाहिलं.

"दुरुस्तीला आणलाय, की संग्रहालयात न्यायचाय?"

मी हसले नाही. बाबांना जाऊन महिनाच झाला होता... हे कळल्यावर त्याने मुकाट्याने स्टूल पुढे केलं.

त्याने मशीन सुरू केलं आणि पडद्यावर तारीख विचारणारी ओळ आली. मग मला सगळं सांगावंच लागलं. घड्याळाची बॅटरी केव्हाच संपली होती, त्यामुळे दर वेळी आधी तारीख टाकावी लागायची. आजारपणात बाबांना ती आठवेना. रोज सकाळी मला खराडीच्या ऑफिसात फोन करून विचारायचे. एकदा मीटिंगच्या गडबडीत मी वैतागले — नुसतं एंटर दाबा ना, बाबा. पुन्हा त्यांनी कधी विचारलं नाही. त्यानंतर लिहिलेल्या एकतीस टिपणांवर मशीनची आपोआप येणारी एकच तारीख पडली, १ जानेवारी १९८०.

"यातलं शेवटचं कोणतं... एवढंच हवंय मला."

वाचू का, असं त्याने विचारलं. मी मानेनेच हो म्हटलं.

मग दर शनिवारी मी जात राहिले. बदललेली गोळी, शेजारचं लग्न, पहिल्यांदा हातात आलेली काठी — अशा खुणांवरून तो टिपणं क्रमाने लावत होता. बाहेर पाऊस. कीबोर्डवर एकदा बोटांना बोटं लागली... कुणीच हात मागे घेतला नाही.

चौथ्या शनिवारी क्रम लागला. छापलेले कागद मात्र त्याने हातातच धरले.

"चैताली, हे वाचता वाचता मी — तुमच्यात गुंतलोय."

"टिपणांतली ती बाबांची चैताली आहे, अभय. मी त्यांच्यावर फोनवर खेकसणारी."

"तेही लिहिलंय त्यांनी. पहिल्याच टिपणात." तो जरा थांबला. "मला तीसुद्धा आवडते."

त्याच्या हातातल्या कागदांतला शेवटचा मी वर काढून ठेवला.

"तुम्हीच वाचा... माझ्याने एकटीने नाही होणार."

तो काउंटर ओलांडून शेजारी येऊन बसला आणि हळू आवाजात वाचू लागला, "आज भात मऊ झाला होता. चैतालीला आवडला असता."

पुढचं मला ऐकूच आलं नाही. त्याच्या खांद्यावर डोकं टेकून, बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच, मी रडले.