बारा दिवसांची उणीव

पुण्यात, खराडीच्या एकतिसाव्या मजल्यावर, भिंतीएवढा नकाशा होता आणि त्यावर तेवीस ठिपके. प्रत्येक ठिपका म्हणजे त्रिखंड पोलाद कंपनीचा एक कारखाना. अकरा देशांत पसरलेला पसारा. २०५१ च्या मार्चमधल्या त्या सोमवारी यादीत तेविसाव्या क्रमांकावर बोरगव्हाणचं नाव आलं आणि शलाका कोहळेचा चहा कपातच राहिला. ती कंपनीची पुरवठा-नियोजक. चंद्रपूर जिल्ह्यातल्या त्याच बोरगव्हाणच्या वसाहतीत वाढलेली. तिचे वडील तिथल्या भट्टीवर आयुष्यभर खपले आणि तिथेच गेले.

“शेवटचा म्हणजे बंद होणार, सर?”

“बहुतेक,” डॉ. उपासनी म्हणाले. यादी करणारा उणीवमापक हा संगणक-प्रोग्रॅम त्यांनीच बनवला होता.

“पण बोरगव्हाणचा माल चौतीस वर्षांत एकदाही उशिरा गेलेला नाही.”

“कोण चांगलं काम करतं हे उणीवमापक विचारतच नाही. तो एवढंच विचारतो, की हा कारखाना उद्या नाहीसा झाला तर पुरवठ्याच्या साखळीत कुणाला किती दुखेल? ज्याच्यावाचून गिऱ्हाइकाचं काम थांबतं, त्याची उणीव मोठी. त्याला सांभाळायचं. ज्याची उणीव शून्य, त्याला ठेवायचं कशाला?”

“बोरगव्हाणची शून्य? कशी काय?”

“उपग्रहावर आपला उष्मानेत्र आहे. भट्टी तापलेली आहे की थंड, ते त्याला वरून दिसतं. कागदावर काय लिहिलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. बोरगव्हाणची भट्टी दरवर्षी नऊ दिवस थंड असते, कागदावर मात्र चालू. आणि त्या नऊ दिवसांत एकाही गिऱ्हाइकाचं काही अडत नाही. भट्टी असली काय, नसली काय, जगाला फरक पडत नाही. मग उणीव किती झाली?”

शलाकाला ते नऊ दिवस ठाऊक होते. वसाहतीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. भट्टीचं आतलं अस्तर झिजलं की ते बदलायला नऊ दिवस लागतात. त्या दिवसांसाठी फोरमन मंडळी वर्षभर प्रत्येक पाळीतून चार कांबी बाजूला काढत आणि कॅन्टीनमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नऊ दिवसांहून जास्तच पुरेल असा साठा रचून ठेवत. या मालाला नाव होतं हातचा. त्याची नोंद कुठेच नाही. मॅनेजरला माहीत, इंजिनिअरला माहीत, पण बोलायचं कुणी नाही. आपल्यापायी कुणाचं काम अडू नये, एवढाच त्यामागचा हट्ट. आणि तिकडे तुर्कस्तानातला कारखाना दर दोन महिन्यांनी बंद पडायचा, गिऱ्हाइकं मुख्य कार्यालय डोक्यावर घ्यायची. त्याची उणीव सगळ्यांत मोठी. यंदा त्यालाच नवी भट्टी मिळाली होती. हसावं की डोकं आपटावं, सांगा.

तिनं शेडची गोष्ट उपासनींना सांगून टाकली. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“हे मी ऐकलेलं नाही. खोट्या नोंदी म्हटल्यावर उद्याच टाळं लागेल. आणि उणीवमापकाला कुणी काही सांगून उपयोग नसतो, त्याला दुखणं दिसावं लागतं.” त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. “एक करता येईल. अनुपस्थिती-चाचणी. बारा दिवस भट्टी बंद ठेवायची, साखळीत कुणालाही आधी कळवायचं नाही. दुखलं, तर कारखाना राहील.”

दुसऱ्या दिवशी ती बोरगव्हाणला गेली. शेडची किल्ली देवराव पिंपळशेंड्यांच्या करदोट्याला असायची. देवराव भट्टीचे फोरमन, तिच्या वडिलांचे जोडीदार.

“काका, बारा दिवस शेड उघडायची नाही. आपल्या कांबी घेणाऱ्या थायलंडच्या गिअर-कारखान्याकडे तीन दिवसांचाच माल आहे. चौथ्या दिवशी त्यांचं काम थांबलं पाहिजे.”

“म्हंजे आपण मुद्दाम थांबवू म्हणतेस?”

“हो.”

“चौतीस वर्षं जे होऊ नये म्हणून जीव काढला, तेच करू? तुहा बाप असता तर त्यानं मले भट्टीत लोटलं असतं.”

“करा, काका. नाहीतर एकवीसशे घरं उठतील.”

देवरावांनी शेडला कुलूप घातलं आणि तिच्यादेखत दोनदा ओढून पाहिलं. त्यांचा चेहरा तिला बघवेना.

चौथ्या दिवशी नकाशावर बोरगव्हाणच्या ठिपक्याशेजारचा उणिवेचा आकडा शून्य. पाचव्या दिवशीही शून्य. थायलंडमध्ये यंत्रं मजेत चालू होती. सहाव्या दिवशी शलाका तणतणत पुन्हा बोरगव्हाणला पोचली.

“काका, राहवलं नाही ना तुम्हाला?”

देवराव उठले. तिला शेडपाशी घेऊन गेले. कुलपावर कोळ्यानं जाळं विणलं होतं. आत कांबी जशाच्या तशा होत्या. दोघं एकमेकांकडे बघत असतानाच देवरावांचा फोन वाजला. कंपनीच्याच व्हिएतनाममधल्या कारखान्यातला फोरमन दुक. तरुणपणी दोन वर्षं तो बोरगव्हाणला भट्टी शिकायला होता आणि देवरावांच्या घरी जेवायला. त्याची मोडकी हिंदी अजून शाबूत होती.

“भाऊ, थायलंडचा गिअर-कारखाना माझंही गिऱ्हाईक. तुमची खेप आली नाही म्हणून त्यांच्या स्टोअरवाल्यानं मला विचारलं,” तो म्हणाला. “मी ओळखलं, काहीतरी अडचण आहे. माझ्या शेडमधून बारा दिवसांचा माल पाठवला. ट्रकनं. पहिली खेप चौथ्या दिवशी सकाळीच पोचली. तुमचाच शिक्का मारलाय, कुणाला पत्ता लागणार नाही. तुम्हीच शिकवलं ना, विचारत बसायचं नाही, आधी पाठवायचं.”

शलाकानं डोळे मिटले. देवरावांनी मात्र आवाज हलू दिला नाही.

“बरं केलंस, बाबू,” ते म्हणाले. “जेवला का?”

फोन ठेवून ते कांबींवर बसले. म्हणाले, “त्याले सांगू नको. कधीच.”

तिनं शब्द दिला. बारा दिवस संपले, आकडा शून्यच राहिला. दुकचं नाव न घेता तिनं उपासनींना विचारून पाहिलं, की दुसऱ्या कुणी गुपचूप माल पुरवला असेल तर? ते म्हणाले, “मग तुमची जागा दुसरा भरू शकतो, हेच सिद्ध झालं.” ते खरं होतं, आणि याचाच तिला जास्त संताप आला. पुढच्या आठवड्यात बोरगव्हाणला सील लागलं. तिथलं काम तुर्कस्तानला गेलं.

त्यानंतर दोन आठवड्यांनी नवी यादी आली. शेवटचं नाव दुकच्या कारखान्याचं. त्याचीही भट्टी वर्षातून नऊ दिवस थंड असायची, तिथेही कधी कुणाचं काही अडलं नव्हतं. कुठे शिकला होता ते उघडच आहे. चाचणी सोमवारपासून. शलाकानं देवरावांना फोन लावला.

“काका, मला शब्दातून मोकळं करा. दुकला सांगावं लागेल, की शेड उघडू नको आणि कुणाची मदत घेऊ नको. पण ते का, हे सांगितलं की त्याला आपलं सगळं कळणार.”

पलीकडे पंखा बंद केल्याचा आवाज आला.

“सांग,” देवराव म्हणाले. “रडंन तो. पण त्याचा कारखाना वाचंन. चाचणी कधीपासून म्हणालीस?”

“सोमवारपासून. बारा दिवस.”

“पोरी,” देवरावांचा आवाज एकदम बसला. “सील लागायच्या आदल्या दिवशी मी आपली शेड रिकामी केली. सगळा माल विशाखापट्टणमहून जहाजावर चढवला.”

“कुठे पाठवला?”

“थायलंडले. दुकच्या नावानं, त्याचा शिक्का मारून. आपल्यापायी त्याची शेड खाली झाली होती ना. म्हटलं, यंदा अस्तर बदलाले भट्टी थांबवंन तवा पोराची फजिती नको.”

“कधी पोचतंय?”

“रविवारी.”

“किती दिवस पुरेल?”

“पंधरा तरी. आरामात.”

शलाकानं पडद्यावर बंगालचा उपसागर उघडला. शंभरावर जहाजं पूर्वेकडे चालली होती. “जहाजाचं नाव काय, काका?”

“नाव कोण विचारते, बाप्पा. माल पोचवाचा होता, पाठवला.”

कुठल्याच वहीत नसलेला माल थांबवा, असं सांगायचं तरी कुणाला? तिनं पडदा बंद केला. दुकच्या कारखान्यात सतराशे माणसं होती.

“चुकलं का माह्यं?” देवरावांनी विचारलं.

“नाही, काका. बरं केलंत,” ती म्हणाली. “जेवलात का?”