मंत्र्याच्या गळ्यातला पट्टा

"माझी सून विष घालते," म्हातारा म्हणाला. "नातू गेला. आता नात चाललीय."

घारबाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्या नजरेवरूनच त्यांना हे नाव पडलं होतं, आणि खाजगी तपासाचा धंदाही त्याच नजरेवर चालत होता. शेजारी त्यांचे धंद्यातले जोडीदार बसले होते. मास्तर. चित्रकलेचे निवृत्त शिक्षक.

"सख्खी आई?" मास्तरांनी विचारलं.

"सावत्र."

"मग झालंच की!"

सावत्र म्हटलं की लोकांना पुरावा लागत नाही. मास्तरही त्या लोकांतलेच.

म्हाताऱ्याचं घर गल्लीच्या टोकाला होतं. बाहेरच्या खोलीत आरी, मेणाचा दोरा, चामड्याचे तुकडे. जन्मभर त्यानं पिशव्या आणि पट्टे शिवले होते. मुलगा ट्रक चालवायचा, आठवडेच्या आठवडे बाहेर.

मागच्या खोलीत ओल होती. भिंतीचा गिलावा सुटून भेगा पडलेल्या, खिडकीखाली कचरा कुजत होता. दोन खाटा. एकीवर छकुली तापानं फणफणलेली. दुसरी नीट अंथरलेली, उशीसकट, रिकामी. तिच्याखाली एका लहान पोराच्या स्वेटरवर कुत्रा झोपला होता.

"हा मंत्री," म्हातारा म्हणाला. "नातवानं ठेवलं नाव. काही करत नाही, नुसता खातो, म्हणून." तो हसायला लागला आणि अर्ध्यातच थांबला.

कुत्रा उठला. वाढलेली नखं फरशीवर टकटक वाजली. त्यानं रिकाम्या खाटेवर हनुवटी टेकवली, डोळे मिटले आणि सावकाश शेपूट हलवलं. कुणीतरी डोक्यावरून हात फिरवत असावं तसं.

मास्तर खाटेपासून मागे सरकले.

"रोज दिवेलागणीला असंच करतो," दारातून सून म्हणाली. "छकुलीचा दादा याच वेळेला पुस्तक मिटायचा."

घारबाई कुत्र्याजवळ वाकल्या. डोळ्यांभोवतीचे केस झडलेले. कातडीवरून कोंडा उडत होता. गळ्यात निळा पट्टा, दुमडून बारीक टाक्यांनी शिवलेला. मग त्यांनी छकुलीला पाहिलं. हात काडीसारखे, पोट तेवढं टणक.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"आधी टायफॉइड म्हणाले," सून म्हणाली. "मग रक्तातला दोष. घरात कुत्रा आहे का, असंही विचारलं. मी म्हटलं, आहे, निळ्या पट्ट्याचा. मग तो विषयच सोडला त्यांनी."

"निळा पट्टा म्हणजे?" मास्तरांनी विचारलं.

"दादा गेल्यावर आरोग्य खात्याची माणसं गल्लीत आली होती. कुत्र्याचा पाय भादरून रक्ताचा थेंब जागेवरच तपासायची. चांगला निघाला की निळा पट्टा, धातूची रिबीट ठोकून. वाईट निघाला की घेऊन जायची. मी तेव्हा माहेरी. घरी मामंजी एकटे."

"छकुलीला जेवण कोण भरवतं?"

"मीच. माझी पाठ वळली की मामंजी ताट हुंगतात. मला दिसतं."

"आणि तुम्ही गप्प?"

"बोलून काय करू? दादा गेला तेव्हा मला रडूही दिलं नाही. म्हणाले, नाटक करतेय."

समोरच्या गोदामाच्या फाटकावर पहारेकरी बसला होता. पायाशी बैलासारख्या मानेचा कुत्रा.

"याला पट्टा नाही?" घारबाईंनी विचारलं.

"काय सांगू बाई! तपासणीच्या दिवशी सकाळपासून गायब. बिस्कीट दाखवलं की हा कुणाचाही. परत आला तो पाय भादरून! मग ती माणसं फाटकाशी आली. म्हणे, याचं झालंय, पट्टा कुठे पाडला? म्हटलं साहेब, लग्न माझ्या घरचं आणि मलाच आमंत्रण नाही!"

मास्तर खो खो हसले. घारबाई परत फिरल्या होत्या.

मागच्या खोलीत त्यांनी म्हाताऱ्याला आणि सुनेला समोर उभं केलं.

"या घरात विष नाही. आजार आहे, आणि तो या कुत्र्यात आहे. लेश्मानिया म्हणतात. डोळ्यांभोवती टक्कल, कोंडा, वाढणारी नखं, सगळी त्याचीच लक्षणं. तो चावून किंवा चाटून होत नाही. या भेगांत, त्या कचऱ्यात वाळूमाशी वाढते. डासाहून लहान, आवाज नाही. ती कुत्र्याला चावते आणि मग शेजारी झोपलेल्या पोराला. ताप उतरत नाही, अंग वाळतं, पोटातली पानथरी सुजते. दादालाही बहुतेक हेच झालं होतं."

"पण पट्टा तर निळा आहे!" मास्तर म्हणाले.

"रिबीट कुठंय, मास्तर? टाके आहेत. पट्टा दुमडलाय, म्हणजे तो जाड मानेच्या कुत्र्याचा होता. पहारेकऱ्याचा कुत्रा पाय भादरून आला तो पट्ट्याशिवाय. त्या दिवशी मंत्री म्हणून तोच पुढे केला गेला. आणि असे टाके या गल्लीत कोण घालतं?"

म्हातारा खाटेच्या कडेवर बसला.

"कातडी बिघडली होती त्याची. नेला असता. पोराचं तेवढंच उरलं होतं." मग पुटपुटला, "माणसाला होतं हे मला माहीत नव्हतं."

"तपासणी कशासाठी होती, ते तरी विचारलंत? नाही. खापर कुणावर फोडायचं तेवढं बरोबर माहीत होतं." घारबाईंचा आवाज चढला नाही, पण मास्तरांनी मान खाली घातली. "यावर औषध आहे. पण डॉक्टर भलतीच औषधं देत बसलेत. त्यांना आत्ताच्या आत्ता खरं कळायला हवं."

सुनेनं छकुलीला उचललं.

"मी सांगतो डॉक्टरांना," मास्तर म्हणाले.

"नाही. मामंजी सांगतील. मी विष घालते हे गल्लीभर त्यांनीच सांगितलं ना?"

दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकं माणसांनी भरली होती, अर्धीअधिक गल्लीतलीच. डॉक्टरांनी छकुलीला टेबलावर घेतलं. म्हातारा दारात उभा राहिला. छकुलीच्या नाकातून रक्ताची बारीक धार आली.

"पट्टा खोटा आहे," तो म्हणाला. "मी शिवला. कुत्रा आजारी आहे."

डॉक्टरांचा हात छकुलीच्या पोटावर गेला, बरगडीखाली थांबला. त्यांनी नर्सला हाक मारली.

"मामंजी," सून मागे न वळता म्हणाली, "बाहेर ऐकू गेलं नाही."

म्हातारा व्हरांड्याकडे वळला. सगळ्या माना वर झाल्या होत्या.

"माझ्या सुनेनं काही केलेलं नाही," तो म्हणाला. "मी केलं."

"अजून मोठ्यानं," सून म्हणाली.